छत्रीखालचा चेहरा काळा येतोय? कॅमेरा दुरुस्तीला टाकण्याआधी एवढं तपासा

लक्षणं आधी सांगतो, कारण निम्मे लोक भलत्याच लक्षणावर इलाज करत बसतात.

सगळ्यांत जास्त येणारी तक्रार अशी. नाशिकच्या गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर, छत्री धरून उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढला. मागचं पाणी, पायऱ्या, देऊळ झकास आलं, पण छत्रीखालचा चेहरा काळाठिक्कर आणि डोळ्यांच्या जागी दोन खळगे. दुसरी तक्रार हिचीच उलटी बाजू: चेहरा उजळला, पण छत्रीचं कापड पांढरंफटक पडलं, त्यावरची फुलं गेली, आभाळाचा तर पत्ताच नाही. तिसरी: चेहरा नीट दिसतो, पण लाल, हिरवा नाहीतर निळा. अल्बममधली नवरी पिवळीजर्द दिसत असेल तर दोष हळदीला देऊ नका, छत्री कोणत्या रंगाची होती ते आठवा.

याशिवाय काही किरकोळ दुखणी आहेत. सगळा फोटो दुधाळ येतो. माणसाऐवजी छत्रीची काडी नाहीतर झालर शार्प येते. संध्याकाळी हातगाडीच्या छत्रीखाली बल्ब लागला की फोटोत आडवे काळे पट्टे येतात. हिरव्या शेडनेटखाली कापडावर लाटालाटांची नक्षी उमटते, जी डोळ्यांना तिथे दिसलेली नसते.

मी फोटो छापतो, अल्बम बांधतो आणि जोडीला लग्नामुंजीची कामं घेतो. चैत्र लागला की अशा फोटोंची रांग लागते आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असतो: कॅमेरा गेला का? क्वचितच गेलेला असतो. छत्री उघडली की एकाच फ्रेममध्ये दोन उजेड तयार होतात, एक बाहेरचा आणि एक आतला. कॅमेरा मोजतो बाहेरचा आणि आपल्याला हवा असतो आतला. बाकी सगळं यातूनच निघतं. खालच्या तपासण्या फुकटापासून खर्चाकडे लावल्या आहेत. मधली गाळून पुढे उडी मारलीत तर रिफ्लेक्टर (उजेड परतवणारा फलक) विकत घ्याल आणि दोष काचेवरच्या बोटाच्या ठशाचा निघेल.

काच पुसा

हसू नका. मोबाईलची मागची काच दिवसभर बोटांनी, घामाने, सनस्क्रीनने माखत असते. घरात ते जाणवत नाही, पण छत्रीच्या फोटोत उजेड बहुतेक वेळा समोरून किंवा वरून येतो आणि तो या तेलकट थरावर पसरतो. मग काळ्या जागा राखाडी होतात आणि अख्खा फोटो दुधाळ दिसतो. सुती, धुतलेल्या रुमालाने पुसा. साडीचा जरीचा पदर किंवा शर्टाचं टोक नको, त्यातल्या धुळीने चरे पडतात. मोठ्या कॅमेऱ्यावर स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावला असेल तर तो काढून एक फोटो घ्या. पुष्कळदा दुधाळपणा त्या फिल्टरबरोबरच जातो.

तरीही धुरकट आलं तर लेन्सवर ऊन थेट पडतंय. त्याच छत्रीच्या सावलीत येऊन उभे राहा, नाहीतर लेन्सच्या वर तळहाताचा आडोसा धरा.

फोटो खरंच काळा आहे का?

मे महिन्याच्या उन्हात मोबाईल तापतो आणि तापला की स्वतःहून स्क्रीनचा उजेड कमी करतो. वर डोळे लख्ख उन्हाला सरावलेले. अशा वेळी बरा फोटोही काळा वाटतो आणि माणूस जागेवरच ‘ब्राइटनेस’ वाढवून तो बिघडवतो. आधी एखाद्या ओसरीत जा, फोन दोन मिनिटं थंड होऊ द्या, मग बघा. कॅमेऱ्यात हिस्टोग्राम (फोटोत काळं किती, उजळ किती ते दाखवणारा आलेख) असेल तर स्क्रीनपेक्षा त्यावर भरवसा ठेवा: आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर छत्री उडाली, म्हणजे पांढरीफटक पडली, डाव्या कडेला ढीग असेल तर चेहरा बुडाला. माझ्याकडे ‘काळे’ म्हणून येणाऱ्यांतले बरेच फोटो इथेच निकाली निघतात.

कॅमेऱ्याने उजेड कुठे मोजला?

चेहरा ओळखण्याची सोय चालू नसेल तर कॅमेऱ्याला छत्री आणि माणूस यांतलं काही कळत नाही. तो फ्रेममधल्या उजेडाची सरासरी मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. फ्रेमचा मोठा भाग उन्हातल्या पायऱ्यांचा आणि चकाकत्या पाण्याचा असेल तर तो सगळंच खाली ओढतो आणि छत्रीखालचा माणूस त्यात बुडतो.

बुडतो किती? फिल्मच्या काळातले फोटोग्राफर एक हिशेब तोंडपाठ ठेवायचे: शटर (उजेड आत येण्याचा वेळ) आयएसओच्या (फिल्मच्या संवेदनशीलतेच्या) आकड्याइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१०० सेकंद, मग लेन्सचं भोक भर उन्हात एफ १६ आणि उघड्या सावलीत त्याहून मोठं, एफ ५.६. म्हणजे तीन स्टॉपचा फरक. एक स्टॉप म्हणजे दुप्पट, तेव्हा तीन स्टॉप म्हणजे आठपट. छत्री जाड काळ्या कापडाची असेल आणि पायाखाली डांबर असेल तर फरक याहून वाढतो. डोळा तो सहज पचवतो, कॅमेऱ्याला जड जातो.

म्हणून मोबाईलवर चेहऱ्यावर बोट ठेवा आणि लॉक होईपर्यंत दाबून धरा, मग शेजारची सूर्याची खूण वर-खाली करून हवा तो उजेड घ्या. मोठ्या कॅमेऱ्यात स्पॉट मीटरिंग (फक्त एका ठिपक्याचा उजेड मोजणं) करून चेहरा मोजा, नाहीतर एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय) अधिक १ वर नेऊन सुरुवात करा. पूर्ण काळ्या छत्रीने फ्रेम भरली असेल तर गोष्ट उलटी होते. कॅमेरा काळ्याला राखाडी करू पाहतो आणि आजोबांची काळी छत्री जुन्या पाटीसारखी दिसते; तिथे उणे १ लागतं.

पालखीपुढची अब्दागिरी किंवा देवावरचं छत्र हा याच तपासणीतला अवघड नमुना आहे. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी निघते तेव्हा, किंवा चैत्रात कामदा एकादशीला काळारामाचा रथ निघतो तेव्हा, जरीकाम उन्हात इतकं चमकतं की त्यातली सगळी कलाकुसर पांढऱ्या डागात जमा होते. अशा वेळी चेहऱ्याचा हट्ट सोडा, जरीवर मोजा. अंधारात गेलेला चेहरा नंतर थोडाफार वर आणता येतो, पण उडालेलं जरीकाम परत येत नाही.

जागा बदला

सगळ्यांत जास्त फोटो इथे सुधारतात आणि सगळ्यांत कमी लोक हे करतात, कारण जागा बदलायला पाय उचलावे लागतात.

छत्रीखालच्या चेहऱ्यावर उजेड येतो कुठून? वरून नाही, वर तर आपणच छप्पर घातलंय. तो येतो बाजूने आणि जमिनीवरून. म्हणून आधी खाली बघा. घाटाचा फिकट दगड, काँक्रीट, वाळू, पांढरी फरशी असेल तर उजेड उसळून हनुवटीखाली, डोळ्यांच्या खोबणीत पोचतो. डांबरी रस्त्यावर तो गिळला जातो. हिरवळीवर उसळतो, पण हिरवा होऊन. माणसाला डांबरावरून दोन पावलं फरशीवर घेतलं तरी चेहरा उजळतो, आणि तेही फुकटात.

मग पाठीमागे काय आहे ते बघा. मागे आभाळ किंवा पाणी असेल तर दोन उजेडांतली दरी सगळ्यांत मोठी असते. त्याच माणसाला अर्धवट वळवून मागे नारोशंकराच्या देवळाची काळ्या पाषाणाची, सावलीतली भिंत घ्या. फ्रेममधला लखलखाट गेला की कॅमेऱ्याचा गोंधळही जातो. पंचवटीतल्या बोळांत सावलीतली भिंत शोधायला लांब जावं लागत नाही.

घड्याळाचाही हिशेब आहे. नाशिकचा सूर्य बारा वाजता डोक्यावर येत नाही. आपली वेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि आपण ७३.८ च्या आसपास, त्यामुळे इथली खरी मध्यान्ह साडेबारा वाजून गेल्यावर होते. शिवाय नाशिक २० अक्षांशावर असल्याने २० मेच्या आसपास सूर्य जवळजवळ थेट डोक्यावर येतो. पुन्हा जुलैच्या चौथ्या आठवड्यात येतो, पण तेव्हा ढग कुठे बघू देतात. मेमध्ये साडेअकरा ते दीड छत्रीची सावली बरोबर पायाशी पडते आणि माणूस डोक्यापासून चपलेपर्यंत अंधारात जातो. त्या वेळेत माणसांचे फोटो घेऊच नका. वरून, एखाद्या गच्चीतून किंवा पुलावरून, नुसत्या छत्र्यांचे घ्या. रंगीत गोल आणि त्यांच्याखाली घट्ट सावल्या, एरवी अशा मिळत नाहीत.

रामकुंडापाशी गोदावरी दक्षिणेकडे वळते. पंचवटी पूर्वेच्या काठावर, जुनं नाशिक पश्चिमेच्या. पंचवटीच्या काठावर नदीकडे तोंड करून बसलेल्या फूलविक्रेत्या मावशींच्या पाठीवर सकाळी ऊन असतं आणि चेहरा सावलीत. चारनंतर तेच ऊन समोरून, तिरपं, छत्रीच्या कडेखालून थेट चेहऱ्यावर येतं. समोरच्या काठावरचं गणित नेमकं उलटं. बुधवारच्या बाजारात फोटो काढायचे तर कोणता काठ कोणत्या वेळी हे ठरवूनच घराबाहेर पडा. आणि आधी विचारा, “मावशी, एक फोटो काढू का?” परवानगी घेतलेला माणूस छत्रीची कड हातभर वर करून देतो, आणि ती हातभर कड कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करते.

कापड कोणतं आहे?

चेहऱ्यावर रंग चढत असेल तर इथे थांबा. पातळ रंगीत कापडातून ऊन गाळून येतं आणि येताना कापडाचा रंग घेऊन येतं. तपासायला पांढरा कागद चेहऱ्याच्या जागी धरा. कागद गुलाबी दिसला तर चेहराही गुलाबी येणार.

सगळं कापड एकाच रंगाचं असेल तर व्हाइट बॅलन्स (पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला सांगायची सोय) त्या कागदावर ठरवून बरंच निस्तरता येतं. पण हातगाडीवरच्या छत्र्या पाच-सहा रंगांच्या पट्ट्यांच्या असतात. एक गाल लाल, दुसरा निळा, कपाळ पिवळं. व्हाइट बॅलन्स अख्ख्या फोटोचा रंग सरकवतो, त्यामुळे एक गाल सुधारला की दुसरा बिघडतो. इथे सॉफ्टवेअरशी झटापट करू नका. माणसाला छत्रीच्या मध्यातून कडेकडे आणा, म्हणजे बाहेरचा स्वच्छ उजेड कापडातून येणाऱ्या उजेडावर मात करेल. नाहीतर फोटो कृष्णधवल करा.

मुद्दाम छत्री घेऊन जात असाल, मग लग्नाआधीच्या शूटसाठी गंगापूर रोडपलीकडच्या द्राक्षबागेत असो की सप्तशृंगी गडावर, तर आतून चंदेरी लेप असलेली घ्या. लेप वरचं ऊन अडवतो आणि जमिनीवरून आलेला उजेड पुन्हा चेहऱ्यावर टाकतो, रंग न देता. लाल छत्री फोटोत देखणी दिसते हे मान्य, पण ती खांद्यामागे धरायची, डोक्यावर नाही. पारदर्शक प्लास्टिकची छत्री उन्हात काहीच कामाची नाही; ती पावसासाठी ठेवा, थेंबांसकट छान दिसते.

माझं एक मत. भाजीवाल्यांच्या निळ्या ताडपत्रीखालचा निळा उजेड शंभर टक्के पुसू नका. तिथली कोथिंबीर, टोमॅटो, तराजू सगळं त्या निळ्यातच असतं. कातडी ओळखीच्या रंगाची होईल इतपत काढा आणि थांबा. पूर्ण धुऊन काढलेला बाजार स्टुडिओतला वाटतो. त्र्यंबक, पेठ, इगतपुरीकडे भातलावणीत इरलं घेतलेल्या बायांचे फोटो काढतानाही हेच. पूर्वीची इरली बांबूच्या कामट्यांची आणि पानांची, आता वर प्लास्टिकही दिसतं, आणि त्या निळ्या-पिवळ्या प्लास्टिकचा उजेड ही तिथली खरी गोष्ट आहे. ती घालवून काय मिळवायचं?

किरकोळ दुखणी, पटापट

फोकस काडीवर जातो, कारण छत्रीची काडी जवळ असते, सरळ असते आणि तिचा काळा-पांढरा फरक ठळक असतो. कॅमेऱ्याला तेच आवडतं. फोकसचा एकच बिंदू निवडून तो डोळ्यावर ठेवा, किंवा चेहरा ओळखण्याची सोय चालू करा.

बल्बखालचे पट्टे: आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधा एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं की पट्टे जातात. हातगाडीवरचा बॅटरीचा बल्ब हा नियम पाळेलच असं नाही. तिथे शटर आणखी हळू करत जा आणि हात टेकवून धरा.

शेडनेटच्या लाटा: जाळीची वीण आणि कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरचे (उजेड टिपणाऱ्या पट्टीवरचे) बिंदू एकमेकांत अडकले की त्या दिसतात. दोन पावलं पुढे किंवा मागे व्हा, कोन बदला.

एचडीआर: कमी-जास्त उजेडाचे अनेक फोटो जोडून एक करणारी ही सोय आतल्या-बाहेरच्या उजेडासाठीच आहे, म्हणून चालू ठेवा. पण वारा असेल तर झालर दोनदा उमटते आणि छत्रीच्या कडेभोवती पांढरट वलय येतं. तसं दिसलं तर ती बंद करून मोठ्या कॅमेऱ्यात रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) फाइल घ्या. छत्री पांढरी पडणार नाही एवढं एक्सपोजर ठेवा, चेहरा घरी वर आणा.

आता थोडा खर्च

इथवर येऊनही चेहरा काळाच असेल तर आत उजेड टाकावा लागेल. आधी पांढरा पुठ्ठा किंवा थर्माकोलची शीट वापरा. मित्राला कडेच्या उन्हात बसवून शीट कमरेखालून वर, चेहऱ्याकडे वळवायला सांगा. पांढरा पंचा पसरला तरी चालतो. घडीचा रिफ्लेक्टर घेतलात तर त्याची पांढरी बाजू वापरा. सोनेरी बाजूने माणूस तुळशीबागेतल्या दागिन्यासारखा होतो आणि चंदेरीने त्याचे डोळे मिटतात.

मोबाईलचा फ्लॅश उन्हात हातभर अंतरापलीकडे जवळजवळ निकामी. कॅमेऱ्याचा बाहेरचा फ्लॅश उपयोगी आहे, पण बहुतेक कॅमेऱ्यांत शटर १/२०० किंवा १/२५० च्या पुढे नेलं की फोटोचा काही भाग काळा येतो, कारण त्या वेगाला शटरचे पडदे एकाच वेळी पूर्ण उघडे नसतात. पुष्कळ लोक हा काळा पट्टा कॅमेऱ्याचा बिघाड समजून येतात. शटर खाली आणा किंवा फ्लॅशमध्ये हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणारी सोय) असेल तर ते चालू करा. फ्लॅशची ताकद उणे १ ठेवा, नाहीतर छत्रीखाली माणूस कापून चिकटवल्यासारखा दिसतो.

आणि रामकुंडावर अस्थिविसर्जनाला, दशक्रियेला बसलेल्या माणसांवर फ्लॅश मारू नका. तिथे फोटो नाही मिळाला तरी चालतो.

कुठे थांबायचं आणि कोणाकडे जायचं

एक साधी चाचणी करा. दुपारी उघड्या सावलीतल्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा आणि छत्री न घेता त्याचे चार फोटो काढा. अक्षरं स्पष्ट, कागद पांढरा आला तर कॅमेरा धडधाकट आहे. वरच्या तपासण्यांकडे परत जा. या चाचणीच्या फोटोंतही दोष दिसला तर मात्र कॅमेरा स्वतः उघडू नका.

प्रत्येक फोटोत त्याच जागी राखाडी ठिपके असतील, विशेषतः एफ १६ ला आभाळावर, तर सेन्सरवर धूळ आहे. रबरी ब्लोअरने एकदा हवा मारा. नाही गेले तर सेन्सर साफ करणाऱ्याकडे द्या. फुंकर घालू नका, थुंकी उडते. लेन्समधून टॉर्च टाकून बघितल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. पावसाळ्यात बॅगेत बंद राहिलेल्या लेन्सना ती लागते. घरच्या स्क्रूड्रायव्हरने लेन्स उघडलीत तर दुरुस्तीचं काम दुप्पट होतं. फ्लॅश नसतानाही फ्रेमचा काही भाग काळा येत असेल तर शटर तपासून घ्या.

मोबाईलचं चित्र स्थिर धरूनही थरथरत असेल तर बाईकच्या हँडलवर फोन लावता का, ते आधी स्वतःला विचारा. जास्त ताकदीच्या मोटारसायकलच्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण बिघडू शकतं, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला होता. हे सेटिंगने सुधारत नाही, कॅमेऱ्याचा भागच बदलावा लागतो.

पाण्यात पडलेला कॅमेरा चालू करून बघू नका. बॅटरी आणि कार्ड काढा, कोरड्या कापडात गुंडाळा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. तांदळाच्या डब्यात पुरलात तर पिठूळ धूळ आत जाते, हेअर ड्रायरने पाणी आणखी आत ढकललं जातं.

डोळ्यांची एक गोष्ट. छत्रीच्या कापडातून सूर्य दिसावा म्हणून खाली झोपून वर लेन्स रोखायची हौस पुष्कळांना असते. आरशाच्या कॅमेऱ्यात (डीएसएलआरमध्ये) व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, आणि लांब लेन्सने सूर्याकडे बघू नका, डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. स्क्रीनवर बघा, तेही क्षणभर.

फाइल दुरुस्त करून घ्यायला कोणाकडे जाणार असाल तर त्याला मूळ फाइल द्या, व्हॉट्सॲपवरून आलेली नको. काळा चेहरा मूळ फाइलमधून बराचसा वर येतो. पांढरंफटक झालेलं कापड कोणीही परत आणू शकत नाही. कोणी आणतो म्हणून पैसे मागितले तर तो नक्षी नव्याने रंगवणार आहे, एवढं लक्षात ठेवून हो म्हणा. आणि पुन्हा काढता येणार नाही असा प्रसंग असेल, भर दुपारची वरात, घोडीवर नवरदेव, वर मखमली छत्री, किंवा २०१५ नंतर आता होणाऱ्या सिंहस्थातली आखाड्यांची छत्रं, तर फ्लॅश आणि माणूस दोन्ही ज्याच्याकडे आहेत अशा फोटोग्राफरला आधीच सांगून ठेवा. आदल्या रात्री फोन आला तर आमच्यापैकी कोणीच मोकळं नसतं.